ओलाव्याचा हिशेब : फोंडा तालुक्यातल्या एका चिऱ्याच्या घरात एअर हँडलर बसवताना

गोव्यात एसी घ्यायचा म्हटले की पहिला प्रश्न येतो तो 'किती टनाचा?' (टन म्हणजे एसीची गार करण्याची ताकद.) हेच काम रोज करणारा म्हणून सांगतो, आपल्या हवेत त्याआधी वेगळाच प्रश्न विचारायला हवा : हे यंत्र तासाला किती पाणी काढणार, आणि ते पाणी जाणार कुठे? फोंडा तालुक्यातल्या एका जुन्या घराचे प्रकरण इथे सविस्तर मांडतो आहे. त्या घरात जे बिघडले होते, ते या प्रश्नाकडे कुणी पाहिलेच नव्हते म्हणून बिघडले होते.

घर चौसोपी वळणाचे. मधोमध राजांगण, भोवती खोल्या, दीड फूट जाडीच्या चिऱ्याच्या भिंती, वर मंगळुरी कौले. घरात नव्वदीकडे झुकलेल्या आजी, शिक्षकी पेशातून निवृत्त झालेले त्यांचे थोरले चिरंजीव, ज्यांना सगळा गाव सर म्हणतो, आणि वहिनी. मुले-नातवंडे सुट्टीला आणि चवथीला येणारी. सरांना गाण्याचा नाद. एका खोलीत पेटी, तबल्याचे जोड, तानपुरा आणि काचेच्या कपाटांत वडिलांच्या वेळेपासूनची मराठी पुस्तके.

काही वर्षांपूर्वी निजायच्या दोन्ही खोल्यांत भिंतीवरचे स्प्लिट बसवले होते. १४० चौरस फुटांच्या खोलीला दोन टन. बसवणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता. 'वर कौले आहेत, तापणार, म्हणून मोठाच बरा' असा सरळ विचार. पण खोली दहा मिनिटांत २४ अंशांवर यायची, कॉम्प्रेसर बंद पडायचा आणि अंगाची चिकचिक तशीच राहायची. मग रिमोट १८ वर. वहिनींच्या कपाटातल्या रेशमी साड्यांवर पांढरे ठिपके आले, पुस्तकांना कुबट वास येऊ लागला आणि तबल्याची पुडी पावसात सुरात राहीना. सगळ्यांत कोड्यात टाकणारी गोष्ट म्हणजे एसी नसलेल्या दिवाणखान्याच्या बाजूने, निजायच्या खोलीला लागून असलेली भिंत हिरवी पडू लागली. सरांना वाटले कौल फुटले असेल. दोनदा कौले परतून घेतली, तरी भिंत ओलीच.

कौलांचा काही दोष नव्हता. मी खोल्यांत तापमान आणि आर्द्रता नोंदवणारी छोटी यंत्रे ठेवली. निजायच्या खोलीत रात्री २३ अंश आणि ७८ टक्के आर्द्रता. दिवाणखान्यात २८ अंश आणि ८८ टक्के. म्हणजे एका बाजूने भिंत गार करून ठेवलेली आणि दुसऱ्या बाजूला ओलाव्याने भरलेली हवा. त्या हवेचा दवबिंदू जवळजवळ २६ अंश. भिंतीचा पृष्ठभाग त्याच्या खाली गेला की हवेतले पाणी भिंतीवर बसणारच, आणि चिरा तर सच्छिद्र दगड, ते पाणी पिऊन घेणारा. बर्फाचे पाणी भरलेल्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो, तसे त्या भिंतीचे झाले होते.

मोठा एसी ओलावा का काढत नाही, हे घरच्यांना समजावून सांगण्यात मी बराच वेळ घालवला, कारण पुढचे सगळे निर्णय त्यावर उभे होते. कॉइल, म्हणजे हवा गार करणारी यंत्रातली नळ्यांची जाळी, गार झाल्यावर आधी तिच्या पत्र्यांवर पाण्याचा पातळ थर साचतो. तो पुरेसा जाड झाल्यावर पाणी ओघळून पॅनमध्ये पडते आणि मग बाहेर जाते. यंत्र दहा मिनिटांत थांबले तर पाणी पॅनपर्यंत पोचतच नाही. वर पंखा चालू राहिला की कॉइलवरचे तेच पाणी वाफ होऊन पुन्हा खोलीत येते. सावकाश आणि सलग चालणारे लहान यंत्र म्हणूनच इथे जास्त कामाचे. विलिस कॅरिअर यांनी १९०२ मध्ये ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी जी यंत्रणा आखली, तीही माणसांना गारवा मिळावा म्हणून नव्हती. दमट हवेत कागद फुगायचा, रंग एकावर एक नीट बसत नसत, म्हणून हवेतला ओलावा ताब्यात ठेवायला ती आखली होती. या यंत्राचा जन्मच ओलाव्याच्या प्रश्नातून झाला आहे.

सरांना आता भिंतीवरची यंत्रे नको होती. निजायच्या दोन खोल्या, गाण्याची खोली आणि दिवाणखाना, मिळून सुमारे ९०० चौरस फूट, एकाच डक्टेबल यंत्रावर, म्हणजे डक्ट नावाच्या बंद नळ्यांतून सगळ्या खोल्यांना हवा पोचवणाऱ्या यंत्रावर, घ्यायचे ठरत होते. इथे माझे मत आधी सांगतो : गोव्यातल्या बहुतेक घरांना डक्टची गरज नाही. नीट मापाचे इन्व्हर्टर स्प्लिट स्वस्त पडतात, आणि एक बंद पडला तरी दुसरा चालू राहतो. या घरात मात्र गाण्याच्या खोलीला शांतता हवी होती, ताजी हवा गाळून आणि सुकवून आत घ्यायची होती, आणि चारही खोल्यांचा ओलावा सारखा राहिला तरच त्या भिंतीचे दुखणे संपणार होते. म्हणून होकार दिला.

त्यांच्याकडे आधीच एक कोटेशन आलेले होते. १५० चौरस फुटांना एक टन या अंदाजाने सहा टन, आणि एअर हँडलर (कॉइल आणि पंखा असलेला यंत्राचा आतला भाग) कौलांखालच्या माळ्यावर, निजायच्या खोलीच्या बरोबर वर. या दोन्ही गोष्टी मी बदलल्या.

टनांचा हिशेब चौरस फुटांवरून करणे म्हणजे घर न पाहता करणे. इथे भिंती जाड, खिडक्या लहान आणि पडवीच्या सावलीत. उष्णता येत होती ती वरून. खोल्यांना लाकडी तक्तपोशी होती, पण फळ्यांच्या फटींतून माळ्यावरची हवा बिनदिक्कत खाली उतरत होती. जूनमध्ये बाहेर २९ अंश आणि ८५ टक्के असताना एका घनमीटर हवेत साधारण २४ ग्रॅम वाफ असते. आत २५ अंश आणि ५५ टक्के हवे असेल तर तीच वाफ १३ ग्रॅमच्या आत आणावी लागते. म्हणजे फटीतून आत आलेल्या प्रत्येक घनमीटरमागे ११-१२ ग्रॅम पाणी यंत्राने काढायचे. तासाला १०० घनमीटर हवा शिरली तर सव्वा लिटरच्या आसपास पाणी. वाफेचे एक लिटर पाणी करताना विजेच्या सुमारे ०.६८ युनिटाएवढी उष्णता कॉइलला ओढून घ्यावी लागते. फटी बुजवणे हे यंत्र विकत घेण्याइतकेच महत्त्वाचे काम आहे, असे मी म्हणतो ते यामुळे.

म्हणून यंत्राची ऑर्डर देण्याआधी सुतार आला. तक्तपोशी जुन्या फणसाच्या लाकडाची, ती कुणीच काढू दिली नसती, आणि काढायची गरजही नव्हती. तिच्या वर माळ्याच्या बाजूने सांधे बंद केलेला पत्रा आणि त्यावर उष्णतारोधक फोमचे जाड तक्ते टाकले. भिंत आणि छत मिळतात तिथला सांधा भरून घेतला. एवढे झाल्यावर हिशेब मांडला तेव्हा नेहमीच्या माणसांसाठी दोन टनांच्या आतच भार निघत होता. चवथीचा गोतावळा आणि डक्टमध्ये वाया जाणारा गारवा धरून तीन टनांचे इन्व्हर्टर यंत्र नक्की केले. घरी माणसे थोडी असताना ते आपला वेग कमी करून चालत राहते, बंद पडत नाही.

सर थोडे साशंक होते. "सहाचे तीन करता आहात, मे महिन्यात पुरेल ना?" असे त्यांनी सरळ विचारले. मी त्यांच्यापुढे खोलीवार आकडे ठेवले. गणिताचे शिक्षक असल्यामुळे त्यांनी ते स्वतः तपासले, दोन ठिकाणी प्रश्न विचारले आणि मग होकार दिला. ग्राहकाने असे तपासावे हे मला मनापासून आवडते.

हवा किती फिरवायची हाही त्याच विचाराचा भाग. सर्वसाधारणपणे टनामागे मिनिटाला ४०० घनफूट हवा धरतात. दमट प्रदेशात ती ३५० वर आणली की कॉइल जास्त गार राहते आणि जास्त पाणी ओढते. आम्ही तीन टनांना १०५० धरले आणि पंख्याची गती त्याप्रमाणे लावली. या मापाचे यंत्र पूर्ण जोरात चालले आणि त्याच्या ताकदीतला ३० टक्के भाग ओलाव्यावर खर्च झाला, तर तासाला साडेचार लिटरच्या आसपास पाणी निघते. पावसाळ्यातल्या रात्रभराचे मिळून दोन घागरींहून जास्त.

आता हे पाणी माळ्यावर, माणसांच्या डोक्यावर साठवायचे की जमिनीवर? माळ्यावर मे महिन्यात कौलांखाली भट्टी असते, फिल्टर धुवायला तिथे कुणी चढत नाही, उंदीर नळ्यांवरचे रबर कुरतडतात, आणि ड्रेन तुंबली तर पहिली बातमी छतावरच्या डागातून मिळते. आम्ही एअर हँडलर जुन्या कोठाराच्या खोलीत उभा बसवला. पूर्वी तिथे भाताच्या कणग्या असत, अलीकडे अडगळ होती. जमिनीपासून दीड फूट उंच लोखंडी स्टँड, त्याखाली जादा पॅन, आणि पॅनमध्ये पाणी चढले की यंत्र बंद करणारा फ्लोट स्विच. हा स्विच अगदी किरकोळ किमतीचा असतो, पण तो लावलेला क्वचितच दिसतो, आणि त्याचे मला दर वेळी वाईट वाटते.

स्टँडची उंची ट्रॅपसाठी. या यंत्रात पंखा कॉइलच्या पुढे असतो, म्हणजे पॅन पंख्याच्या ओढीत येतो. ड्रेनचा पाइप सरळ बाहेर काढला तर पाणी बाहेर जाण्याऐवजी बाहेरची हवा पाइपमधून आत ओढली जाते, पॅन भरत राहतो, आणि पंखा थांबला की सगळे एकदम खाली. यू आकाराच्या ट्रॅपमध्ये पाणी उभे राहिले की हवेची वाट बंद होते. त्याची खोलीही डोळ्यांच्या अंदाजाने ठरवायची नसते. इथे पॅनपाशी ओढ पाण्याच्या २५ मिलिमीटरपेक्षा कमी होती. त्यावर २५ मिलिमीटर जास्तीचे धरून पॅनच्या तोंडापासून ट्रॅपच्या बाहेरच्या तोंडापर्यंत ५० मिलिमीटरचा फरक ठेवला आणि त्याखाली आणखी २५ मिलिमीटर पाणी. पुढे पाइपाला मीटरमागे एक सेंटिमीटर उतार देऊन पाणी मागीलदारच्या केळींत सोडले. आतल्या भागात ड्रेनच्या पाइपालाही नायट्राइल (उष्णतारोधक काळे रबर) गुंडाळले. गार पाण्याने तोही घामेजतो. पंखा पूर्ण वेगात चालू ठेवून पॅनमध्ये बादलीभर पाणी ओतले आणि ते केळींपर्यंत पोचलेले बघितल्यावरच पुढच्या कामाला हात लावला.

डक्टचे इन्सुलेशन हा सर्वांत जास्त काटकसर होणारा भाग. डक्ट माळ्यावरून जातो, आत १३ अंशांची हवा, बाहेर पावसाळ्यात ३० अंश आणि ९० टक्के आर्द्रता. त्या हवेचा दवबिंदू २८ अंशांच्या थोडा वर. १३ मिलिमीटर नायट्राइल लावले तर बाहेरचा पृष्ठभाग २६ अंशांवर राहतो, १९ लावले तर २७, २५ लावले तर साडेसत्तावीस. तिन्ही घामेजणार. आम्ही १९ मिलिमीटरचे दोन थर दिले, वरच्या थराचे सांधे खालच्या सांध्यांवर येऊ न देता. मग पृष्ठभाग २८.३ च्या आसपास येतो आणि कोरडा राहतो. चकचकीत ॲल्युमिनियमचे वेष्टन मुद्दाम टाळले. ते दिसायला छान, पण चकचकीत पृष्ठभाग आजूबाजूची उष्णता कमी घेतो, अधिक गार राहतो आणि लवकर ओला होतो. काळे रबर उघडे ठेवणेच बरे. डक्ट टांगायच्या पट्ट्या रबराला दाबून पातळ करतात आणि गळती नेमकी तिथून सुरू होते, म्हणून प्रत्येक टांगणीखाली कडक फोमचे तुकडे घातले.

खोल्यांतली हवा यंत्रात परत आणणारा रिटर्न डक्ट माळ्यावरून नेलाच नाही. रिटर्नमध्ये ओढ असते. त्याला बारीक भोक पडले तरी माळ्यावरची दमट हवा थेट यंत्रात शिरते. कोठार आणि दिवाणखाना यांच्यामधल्या भिंतीत ग्रिल बसवून हवा तिथूनच परत घेतली. मग प्रश्न आला निजायच्या खोल्यांचा. रात्री दार लावले की आत सोडलेल्या हवेला परतीची वाट राहत नाही. खोली फुगते, बाकीच्या घरात ओढ तयार होते आणि ते बाहेरची हवा खेचू लागते. दारे खालून कापायला सरांनी साफ नकार दिला, आणि तो योग्यच होता. सुताराने दारांच्या वरच्या झडपांच्या जागी जुन्या नक्षीला जुळणारी लाकडी जाळी बसवली. हवेची सोय झाली आणि घराचे रूपही राहिले.

ताज्या हवेसाठी १०० मिलिमीटरची एक नळी रिटर्नला जोडली, झडपेसह, म्हणजे बाहेरची हवा आधी कॉइलवरून जाते आणि मगच खोलीत येते. तांब्याच्या नळ्यांचे काम थोडक्यात सांगतो : ब्रेझिंग (नळ्यांचे सांधे जोडणे) करताना आतून नायट्रोजन सोडलेला, मग नायट्रोजनचा दाब भरून रात्रभर ठेवलेला, आणि व्हॅक्यूम ५०० मायक्रॉनच्या खाली नेऊन पंप बंद केल्यावरही तो टिकतो आहे ना हे पाहिलेले. आउटडोअर राजांगणात ठेवायचा नाही, हे मी पहिल्याच दिवशी सांगितले होते. चारी बाजूंनी बंद जागेत तो आपलीच गरम हवा पुन्हा ओढत राहिला असता. तो परसात, ओट्यावर, पागोळ्यांपासून दूर गेला. त्याच्या विजेच्या पेटीची सगळी भोके बारीक जाळीने बंद केली. पाली आत शिरून कार्ड जाळतात, हा इकडचा नेहमीचा अनुभव.

राहिली हीटिंगची गोष्ट. आजींना पौषातल्या पहाटे थंडी सोसत नाही. फोंड्याच्या आतल्या बाजूला समुद्रकाठापेक्षा पहाट गार असते. यंत्राबरोबर विजेच्या हीटरची जोडणी घ्यावी का, असे वहिनींनी विचारले. मी नको म्हटले. हे यंत्र उलट्या दिशेनेही चालते, बाहेरची उष्णता आत आणते, आणि आपल्या सौम्य थंडीत एका युनिट विजेत तीन-चार युनिटांएवढी ऊब देते. हीटर कॉइल एका युनिटाला एकच युनिट देणार. वरच्या ग्रिलमधून आलेली ऊबदार हवा वरच राहते, म्हणून आजींच्या खोलीतल्या ग्रिलची पाती सरळ खाली वळवली. दोन महिने गारवा नसला की ट्रॅपमधले पाणी सुकते, तेव्हा फाल्गुनात त्यात तांब्याभर पाणी ओतायचे, हे वहिनींनी कोठाराच्या दारावर लिहून ठेवले आहे.

खरी कसोटी लागली ती पावसाळ्यात, आणि दोन वेगवेगळ्या वेळी. जुलैच्या झडीत बाहेरच २५ अंश असतात. खोली आधीच गार, त्यामुळे यंत्राला चालायचे कारण उरत नाही, आणि आर्द्रता हळूहळू ७० कडे चढते. याला एकच यंत्र पुरे पडेल असे मी कधीच सांगितले नव्हते. गाण्याच्या खोलीत एक वेगळा डिह्युमिडिफायर ठेवला आणि त्याची नळी ट्रॅपच्या पुढे त्याच ड्रेनमध्ये सोडली. तो खोली जराशी ऊबदार करतो, पण आर्द्रता ५५ च्या आसपास धरून ठेवतो, आणि तबल्याला हवे असते ते हेच.

दुसरी वेळ चवथीची. घरात तीस माणसे. बसलेला माणूसही श्वासातून आणि घामातून सुमारे ४५ वॅट उष्णतेएवढा ओलावा हवेत सोडत असतो. तिसांचा मिळून तासाला दोन लिटर. एवढे यंत्राला झेपत होते. पण पहिल्या दिवशी दुपारी दिवाणखाना ६८ टक्क्यांवर गेला, आणि कारण निघाले स्वयंपाकघर. नेवऱ्या तळणे चालू, चिमणी जोरात, आणि मधले दार उघडे. मोठ्या चिमण्या तासाला १२०० घनमीटर हवा बाहेर फेकतात असे त्यांचे उत्पादक सांगतात. त्याच्या निम्मी जरी दिवाणखान्यातून ओढली गेली, तरी तेवढीच दमट हवा बाहेरून शिरणार आणि तासाला सात लिटर पाणी घेऊन येणार. कुठलेच घरगुती यंत्र हे भरून काढू शकत नाही. स्वयंपाकघराची मागची खिडकी उघडली, मधले दार ओढून घेतले, आणि संध्याकाळच्या आरतीपर्यंत आकडा ५८ वर आला होता. गणपतीवर बांधलेल्या माटोळीला (फळापानांच्या चौकटीला) वारा लागू नये आणि समई फडफडू नये म्हणून त्या बाजूच्या ग्रिलला आधीच झडप ठेवली होती. आजींनी ती अट डक्टचा नकाशा पाहतानाच घातली होती.

रिमोट आता २६ वर असतो. विजेची बचत व्हावी म्हणून २०२० पासून आपल्याकडे खोलीतले नवे एसी सुरू होताना २४ अंशांवरच लागतात. या घरात तेवढेही लागत नाही, कारण ५५ टक्के आर्द्रतेत २६ अंश अंगाला सुखाचे वाटतात. दिवाणखान्याची हिरवी भिंत घासून, वाळू देऊन, चुन्याने रंगवली. ऑइल पेंट नको असे मी आग्रहाने सांगितले, म्हणजे आत उरलेला ओलावा बाहेर यायला वाट राहील. एक पूर्ण पावसाळा गेल्यावरही ती कोरडी आहे. पुस्तकांचा जुना वास अजून पूर्ण गेलेला नाही, आणि पेटीच्या सूर देणाऱ्या गंजलेल्या पट्ट्यांवर या यंत्राचा काही इलाज नाही, त्या बदलाव्याच लागतील.

दक्षिणेकडच्या दोन खिडक्यांच्या झडपा नीट मिटत नाहीत आणि नोंदींमध्ये गाण्याच्या खोलीचा आकडा वारा सुटला की तीन-चार टक्क्यांनी वर जातो. सुताराला मिरगाआधी बोलावले आहे. त्याच दिवशी कॉइल आणि ट्रॅप धुऊन घेऊ, आणि फ्लोट स्विच खरोखर यंत्र बंद करतो का, हे पॅनमध्ये पाणी ओतून पुन्हा बघू.